आकाशातून उडी की बाइक? बेताच्या पैशांत छंद निवडताना

नोकरी लागली, महिन्याला चार पैसे बाजूला पडायला लागले, आणि आता काहीतरी थरारक करायचंय. एका बाजूला स्कायडायव्हिंग, दुसऱ्या बाजूला मोटरसायकल. दोन्हीची स्वप्नं सारखीच खेचतात, पण दोन्हींचा पैशाचा हिशेब अगदी वेगळा आहे. मी टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारायची उडी मारली आहे, पुढच्या कोर्ससाठी ठिकठिकाणी चौकशा करून खर्चाचे कागद मांडून बसलो आहे, आणि पुण्याहून बाइकवर घाट आणि कोकण नेमाने फिरतो. दोन्हींची माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते, म्हणून तुम्ही ज्या क्रमाने निर्णय घ्यावेत त्याच क्रमाने ती इथे लिहितो आहे.

१. आधी ठरवा: एकदाचा अनुभव हवा की छंद?

एकदा उडी मारून बघायची, हा अनुभव झाला. छंद म्हणजे जे पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा करता येतं आणि करता करता तुम्ही त्यात तरबेज होता. त्यामुळे पहिला प्रश्न "किती थरार आहे" हा नाही. "पुढच्या महिन्यात हे मी कुठे आणि किती पैशांत करणार" हा आहे.

पुण्या-मुंबईच्या माणसाला दर रविवारी सकाळी जाऊन उडी मारता येईल अशी जागा जवळपास नाही. हरियाणात नारनौलजवळच्या धावपट्टीवर टँडम उड्या होतात, मध्य प्रदेशात उज्जैनला हंगामी महोत्सव भरतो. शिकायचं तर बहुतेक जण थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिका गाठतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण २०१८ मध्ये नऊवारी नेसून त्यांनी जी गाजलेली उडी मारली, ती थायलंडमधल्या पट्टायाला. या खेळात इतकी मोठी झालेली व्यक्तीसुद्धा उडीसाठी विमानाचं तिकीट काढते, हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब वाचा.

२. उडीचा खरा खर्च

भारतात टँडम उडीला साधारण तीस हजारांच्या आसपास धरा. व्हिडिओ आणि फोटोंचे पैसे बहुधा वेगळे असतात. त्यात दिल्लीपर्यंतचा प्रवास आणि एक-दोन रात्रींचा मुक्काम आला. म्हणजे पुण्याहून जाऊन येणाऱ्याला पंचेचाळीस ते पन्नास हजार सहज लागतात. टँडममध्ये तुम्ही प्रशिक्षकाला बांधलेले असता. निर्णय त्याचे, पॅराशूट त्याचं, तुम्ही प्रवासी.

स्वतः उडी मारायला शिकायचं तर एएफएफ नावाचा कोर्स असतो. त्यात सुरुवातीच्या उड्यांना दोन्ही बाजूंनी प्रशिक्षक धरून असतात, मग हळूहळू एकट्याला सोडतात. अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेचं पहिलं म्हणजे 'ए' लायसन्स मिळायला किमान २५ उड्या लागतात. हे सगळं मिळून तीन-साडेतीन हजार डॉलर, म्हणजे तिथे राहण्या-खाण्याचा खर्च सोडून तीन लाखांच्या आसपास. विमानाचं तिकीट आणखी वेगळं.

खरा चकवा याच्या पुढे आहे. 'ए' लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नाही, तर त्याला थेट विमानात बसता येत नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुन्हा उजळणीची उडी मारावी लागते. नियम रास्त आहे, कारण पॅराशूट नीट उघडलं नाही तर मुख्य छत्री कापून राखीव छत्री उघडायला हाताशी काही सेकंदच असतात आणि हाताची सवय मोडलेली चालत नाही. पण याचा अर्थ असा, की दर दोन महिन्यांनी परदेशवारी परवडत नसेल तर लाखो रुपये देऊन मिळवलेलं लायसन्स कपाटात पडून राहतं. तुम्ही नोकरीनिमित्त अमेरिकेत, युरोपात किंवा दुबईत राहत असाल तर मात्र हे सगळं गणित उलटतं. तिथे तासाभराच्या अंतरावर ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारायची जागा असेल, तर हा छंद जरूर विचारात घ्या.

३. धोक्याचा हिशेब

घरचे उडीला नाही म्हणतात आणि बाइकला हो म्हणतात. आकडे मात्र वेगळं सांगतात. अमेरिकेत २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांचा सरकारी आकडाच पन्नास हजारांवर आहे. हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत, एकास एक तुलना करू नका. पण बाइक रोजची ओळखीची आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज डोक्यातून काढून टाका. पुढे गाडीच्या आधी हेल्मेटचं बजेट मांडायला सांगितलं आहे ते यासाठीच.

४. टँडम उडी मारायचीच असेल तर

जरूर मारा. फक्त ती 'छंद' या खात्यात न टाकता सहलीच्या खात्यात टाका. लागणारी कागदपत्रं आणि तयारी अशी:

- वयाचा पुरावा म्हणून आधार किंवा पासपोर्ट (१८ पूर्ण हवीत)
- तब्येतीचं स्वतः सही केलेलं निवेदन. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचं पत्र
- जोखीम मान्य असल्याचा करारनामा, जो तिथे सही करायला देतात. तो आदल्या दिवशी मागवून घरी वाचा
- लेस घट्ट बांधता येतील असे बूट

वजनाची मर्यादा साधारण नव्वद ते शंभर किलोंच्या दरम्यान असते. पैसे भरण्याआधी विचारा, कारण ती ओलांडली तर काही ठिकाणी जास्त पैसे घेतात आणि काही ठिकाणी सरळ नकार देतात. हवा बिघडली की उडी रद्द होते, म्हणून परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं उठायला उशीर लागतो. रद्द झाल्यास पैसे परत की पुढची तारीख, हे लेखी घ्या.

प्रशिक्षकाला दोन प्रश्न बेलाशक विचारा: त्याच्या किती टँडम उड्या झाल्या आहेत, आणि पॅराशूटवर एएडी लावलेलं आहे का. एएडी म्हणजे ठरावीक उंचीच्या खालीही माणूस वेगाने पडत असेल तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट हार्नेसच्या पाठीवर यंत्र कुठे आहे ते दाखवतो. जमिनीवर तो तुम्हाला मान मागे, कंबर पुढे आणि पाय मागे दुमडलेले, अशी पोझ घ्यायला लावेल. ती चार-पाच वेळा करून बघा. दाराशी आल्यावर जोराचा वारा तोंडावर येतो तेव्हा आठवून करायला वेळ मिळत नाही. उतरताना पाय वर उचलायचे असतात, तेही तिथेच विचारून घ्या. बहुतेक पाहुण्यांचे घोटे याच क्षणी दुखावतात.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बोटीला दोर बांधून जे उडवतात ते पॅरासेलिंग. कुठे 'स्कायडायव्हिंग' म्हणून दोन-तीन हजारांचा दर दिसला तर ते बहुधा हेच असतं. आणि उडीसाठी पट्टायाला जाऊन तिथे स्कूबा, म्हणजे समुद्रात पाण्याखाली बुडी मारणंही करणार असाल, तर स्कूबानंतर निदान २४ तास विमानात चढू नका.

५. आकाशच हवं असेल तर कामशेत

हा पर्याय लोकांना उशिरा सुचतो. पुणे-मुंबईच्या वाटेवर, पवना धरणाच्या परिसरातल्या कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या शाळा वर्षानुवर्षं चालू आहेत. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम. सुरुवातीचा कोर्स काही दिवसांचा असतो, त्यात जमिनीवर छत्री सांभाळायला शिकवतात आणि नंतर छोट्या टेकडीवरून एकट्याला उडू देतात. खर्च काही हजारांतच राहतो, लाखांत जात नाही. मुख्य म्हणजे शनिवारी लोकलने जाऊन रविवारी परत येता येतं. ज्याला गती नको, उंची हवी आहे, त्याने बाइकच्याही आधी इथे एक शनिवार-रविवार घालवावा, असं मी मनापासून सांगेन. पुढे हात बसला की हिमाचलमधलं बीर-बिलिंग आहेच. २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला होता.

तोटा एकच: वाऱ्यावर सगळं अवलंबून. टेकडीवर तासन् तास वाट बघून न उडता खाली यावं लागतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

६. बाइकचं ठरलं? आधी लायसन्स

परिवहनच्या सारथी पोर्टलवर लर्निंग लायसन्सचा अर्ज भरता येतो. आधार जोडलेला असेल तर परीक्षाही घरबसल्या देता येते. केंद्राची फी लर्निंगला १५० आणि परीक्षेचे ५० रुपये, पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. राज्याचे किरकोळ आकार वेगळे. एजंट याचे कितीतरी पट घेतात. काम अवघड नाही, स्वतः करा.

लागतं काय: वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, फॉर्म १ वर तब्येतीचं निवेदन. चाळिशी उलटली असेल तर फॉर्म १-ए वर डॉक्टरांचा दाखला.

अर्जात 'मोटरसायकल विथ गिअर' हाच वर्ग निवडा. कॉलेजात स्कूटरसाठी काढलेल्या अनेकांच्या लायसन्सवर फक्त 'विदाउट गिअर' असतं, आणि ते गिअरच्या बाइकला चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. तुमचं कार्ड आत्ता काढून बघा.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर गाडीला 'एल' लावा आणि मागे मित्राला बसवू नका, कायद्याने फक्त शिकवणारा बसू शकतो. चाचणीत बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात. पाय न टेकवता, क्लच अर्धवट दाबून, नजर पुढच्या वळणावर ठेवून रिकाम्या मैदानात तो सराव करा. चाकाकडे बघितलंत की पाय टेकलाच म्हणून समजा.

७. हेल्मेट आधी, गाडी नंतर

समजा हातात एक लाख आहेत. माझी वाटणी अशी: साधारण १५ हजार अंगावरच्या सामानाला, ६० हजारांपर्यंत जुनी १५० सीसीची गाडी, पाच-सात हजार पहिल्या सर्व्हिसिंगला आणि टायरला, दोन-तीन हजार विमा आणि नावावर करण्याला. उरलेले पेट्रोलला आणि अडीअडचणीला. लोक नेमकं उलटं करतात: सगळे पैसे गाडीत घालतात आणि हेल्मेट रस्त्याच्या कडेला चारशे रुपयांत घेतात.

हेल्मेट तोंड पूर्ण झाकणारं आणि आयएसआय मार्कचंच. दुकानात घालून पंधरा मिनिटं तसेच उभे राहा. गाल घट्ट दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एका जागी ठणकायला नको. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, निघून आलं तर ते तुमचं माप नाही. जुनं, वापरलेलं हेल्मेट कधीही घेऊ नका. एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबलेला असतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. त्यानंतर हातमोजे, कारण पडताना माणूस हातच पुढे टाकतो. मग घोटा झाकणारे बूट, आणि पैसे उरले तर खांद्या-कोपराला आर्मर असलेलं जॅकेट.

नवीच गाडी घ्यायची असेल तर ३५० सीसी ही रेघ ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ साली ठरलेले दरही तसेच चढतात: ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६, त्यापुढे २,८०४, वर जीएसटी. शिकाऊ माणसाला सह्याद्रीतल्या घाटांसाठी १५० सीसी भरपूर होते. एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र हवंच. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे, म्हणून जुनी गाडी घेताना त्यानंतरची बघा.

८. जुनी गाडी पारखताना

इथे घाई करू नका. मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, बोला, थंड होऊ द्या. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हेच तर बघायचंय. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, आणि ते काम स्वस्तात होत नाही.

पुढच्या चाकाचा ब्रेक दाबून गाडी जोरात पुढे-मागे हलवा. हँडलमध्ये टकटक जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवरून बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलंय. चेन मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चक्रावर, बोटाने ओढून बघा. दात अर्धवट उघडे पडत असतील तर चेन-सेट बदलायचा खर्च धरून भाव करा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, पाच-सहा वर्षांपलीकडचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं.

पुरातली गाडी ओळखायला शिका. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडला २०२१ मध्ये हजारो गाड्या पाण्याखाली होत्या. सीट काढून खालच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ, वायरच्या जोडांवर हिरवट थर, मीटरच्या काचेआड धुकं, असं काही दिसलं तर भाव कितीही कमी असो, उठून या.

९. कागद

- आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्याशी स्वतः ताडून बघा
- फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीने
- गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- परराज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी (ना हरकत दाखला)
- चालू विमा आणि पीयूसी
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत

थकलेले ई-चलन व्यवहाराच्या दिवशी महाट्रॅफिक अ‍ॅपवर बघून विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. 'नंतर नावावर करू' ही सबब ऐकू नका. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. नोंदणी १५ वर्षांनी संपते, म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी नूतनीकरणाचा खर्च मनात धरा. आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का तेही पाहा.

तुमचा आरोग्य विमाही एकदा उघडून वाचा. साहसी खेळांबद्दलच्या प्रमाणित कलमात 'व्यावसायिक' म्हणून भाग घेणाऱ्यांचा खर्च वगळलेला असतो. वैयक्तिक अपघात पॉलिसी आणि प्रवास विमा यांची कलमं मात्र कंपनीगणिक वेगळी असतात आणि उडी, पॅराग्लायडिंग तिथे बऱ्याचदा वगळलेलं असतं.

१०. पहिलं वर्ष कुठे फिरायचं

पहिले दोन महिने पहाटेचा रिकामा रस्ता आणि ब्रेकचा सराव. थांबण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्यात न आवळता हळूहळू दाबायला शिका. मग पसरणीसारखा रुंद घाट, आणि तो जमल्यावर ताम्हिणी. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला नाही, तर ते तुम्हाला बिनदिक्कत तिथेच नेऊन सोडतं.

कोकणात किनाऱ्याने जायचं तर जेट्ट्या वापरा: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. बाइक बोटीत चढते, तिकीट किरकोळ असतं आणि खाडीला घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो. बोटीच्या लोखंडी फळीवर ओल असते. तिच्यावर चढताना आणि उतरताना पहिला गिअर, ब्रेकला हलका हात, आणि पाय टेकवायच्या तयारीत.

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात लांब जाऊ नका. वर्षभराचं सांडलेलं ऑइल पहिल्या सरींनी वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. वरंधसारखे घाट पावसात दरडींमुळे बंद असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या बाजूच्या एखाद्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर फोन करून रस्ता चालू आहे का विचारा. तिथली माणसं नकाशापेक्षा ताजी खबर देतात, आणि कुठला फाटा धरायचा तेही सांगतात.